जावयाच्या घराचं फाटक

समुद्रदेवी माझूच्या देवळामागच्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना जेवढ्या म्हणून लोखंडी जाळ्या दिसतात, तेवढ्या सगळ्या खिम मिस्त्रीच्या हातच्या. घरं लोकांची, खिडक्या मिस्त्रीच्या. शिंप्याच्या खिडकीत कात्री आहे, गाण्याच्या मास्तरीणबाईंच्या खिडकीत सूर लोंबताहेत, आणि सोयाबीनचं दूध विकणाऱ्या म्हातारीच्या माडीवर भोपळ्याचा वेल चढलाय, पानं इतकी हुबेहूब की सुरवंटानं फसावं. दाताच्या डॉक्टरला मात्र दाढ हवी होती, ती काही मिस्त्रीने दिली नाही. "अहो, संध्याकाळी दिवा लागला की पोरं त्या सावलीला भिऊन चड्डीत मुततील," म्हणाला, आणि डॉक्टर नको नको म्हणत असताना त्याच्या खिडकीत फुलं बसवून मोकळा झाला.

असा माणूस. गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि शेवटी करायचं ते आपल्या मनाचंच. तरी लोक त्याच्याकडेच यायचे. अलीकडे गावात स्टीलच्या फाटकांचं खूळ शिरलं होतं. कारखान्यातून तयार येतात, चकचकीत, गंजत नाहीत. कुणी मिस्त्रीसमोर त्यांचं नाव काढलं की भडकायचा. "स्टीलचं फाटक? ताट आहे का ते, घासून पालथं घालायला?"

त्याची कामाची तऱ्हाही वेगळी. कागद-बिगद काही नाही. वर्कशॉपची जमीन झाडून घ्यायची आणि तिथेच खडूने खऱ्या मापाचं अख्खं फाटक काढायचं. मग घरमालकाने यायचं, चपला काढून आपल्याच फाटकाभोवती फिरायचं, इथे पानं दाट झालीत, तिथे फूल उघडं पडलंय, असं काय वाटेल ते बोलायचं. मिस्त्री अंगठ्याने एक रेघ पुसणार, दुसरी काढणार. तेवढे दिवस बायकोला, आकुईला, केरसुणी घेऊन तिकडे फिरकायची बंदी. चित्र पटलं की मग लोखंड. पट्टी वाकवायची, चित्रावर ठेवून बघायची, पुन्हा वाकवायची. सांधे जुळले की वेल्डिंग, मग ग्राइंडर, मग रेड ऑक्साइडचा हात आणि वर हिरवा रंग. शेवटी डोळे मिटून सगळ्यावर तळहात फिरवायचा. जिथे टोचलं तिथे पुन्हा कानस. "फाटकाला लहान पोरं लटकतात. त्यांना ओरखडा आला तर शिव्या मला," म्हणायचा.

पण या सगळ्याच्या आधी टेप. आमच्याकडच्या टेपवर नुसते सेंटिमीटर नसतात. वर एक ओळ, खाली एक ओळ, दोन्हींत शब्द छापलेले. शुभ शब्द लाल, अशुभ काळे. वरची ओळ जिवंत माणसांची. घरं, दारं, पलंग, फाटकं, सगळं तिच्यावर मोजायचं. खालची ओळ मेलेल्यांची, थडग्यांसाठी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी. फाटकाच्या दोन खांबांमधली मोकळी जागा वरच्या ओळीत लाल शब्दावर आली पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काळ्या शब्दावर आली तर त्या फाटकातून कोण राहायला जाईल?

मिस्त्रीच्या हातून अशी चूक जन्मात झाली नव्हती. झाली ती एकदाच, आणि तीही कुठे? पोटच्या पोरीच्या दारात.

त्याची एकुलती एक मुलगी लेहुन. तिला दिली होती खाडीपलीकडच्या वस्तीत, तुआन नावाच्या विधवेच्या घरी. तुआन विहीण दिवसभर दारात बसून कालवं फोडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायची. तिने तोंड उघडलं की कालवं आपणहून उघडतील असं गल्लीत म्हणत. पण बाईने एकटीने पोरगा वाढवला होता, आणि पोरगाही लाखात एक निघाला. जिन-तेक त्याचं नाव. काओशुंगच्या बंदरातून दूरच्या समुद्रात ट्यूना धरायला जाणाऱ्या मोठ्या बोटीवर होता. एकदा गेला की वर्ष-दीड वर्ष घराकडे पाठ. त्याच्या कमाईवर जुनी खोपटी पाडून दुमजली घर उठलं, आणि सासरा म्हणाला, "फाटक माझं. लग्नात लेकीला काही देता आलं नाही, आता देतो."

खडूचं चित्र बघायला तिघंही आली. जिन-तेक मांजरासारखा चित्राच्या कडेकडेने चालला. "आप्पा, मासे काढा ना दोन."

"खबरदार!" तुआन विहीण मध्येच कडाडली. "मासा नको, लाट नको, होडी नको. पोरगा समुद्रावरच असतो. निदान दारात तरी जमीन दिसू दे."

"बरं, विहीणबाई. मग काय हवं?"

"बांबू काढा. सरळ. आणि पेरं नीट मोजून."

"बांबूची पेरं मोजायला मी काय वाणी आहे?" मिस्त्री म्हणाला, पण बांबूच काढले. पेरापेराला बारीक पानं फुटलेली. लेहुन खाली बसून बराच वेळ बघत राहिली. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "तू परत येशील तेव्हा एखादं पोरगं याला लटकलेलं असेल." जिन-तेक लाजला, सासऱ्यासमोर कुठे बघावं त्याला कळेना.

आता खरी गोष्ट. मिस्त्रीचे डोळे अधू झाले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता उतरलेला, दुसऱ्यात उतरू लागलेला. आकुई डोकं खाऊन दमली होती.

"अहो, डॉक्टरकडे जा."

"कशाला? मला दिसतं."

"काय दिसतं? काल आल्याचा तुकडा मासा म्हणून तोंडात घातलात."

"वेल्डिंगच्या धुराने होतं तसं. जाईल."

"डोळा जाईल. धूर नाही जायचा."

तो ऑपरेशनला भ्यायचा, खरं कारण तेवढंच. आणि गावात कळलं की मिस्त्रीला दिसत नाही, तर उद्यापासून सगळे स्टीलवाल्याकडे जातील, ही दुसरी भीती. म्हणून कुणाला सांगितलं नाही. हाताने चाचपून काम चालायचं. वाकवणं हाताचं, कानस हाताची, वेल्डिंगसुद्धा अंदाजाने जमायचं. पण टेप हाताने वाचता येत नाही.

त्या दिवशी खांब उभे करायचे होते. कुठे उभे करायचे ते गवंड्याला मिस्त्रीने सांगायचं. गवंड्याने टेपचं टोक पलीकडे धरलं आणि मिस्त्री उभा राहिला आतल्या बाजूला, अंगणात. आतून टेप उलटी दिसते. वरची ओळ खाली जाते, खालची वर येते. हे काय मिस्त्रीला माहीत नव्हतं? पण ऊन कडक, टेपचं पातं चमकत होतं, डोळ्यांपुढे नेहमीचं धुकं. शब्द दिसेना. रंग तेवढा दिसला, वरच्या कडेला लाल. दुसऱ्या कुणाला "जरा वाच रे" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. "इथे," मिस्त्री म्हणाला, आणि गवंड्याने खूण केली. खांब उठले, त्यांवर गुळगुळीत टाइल्स लागल्या, फाटक बसलं. बांबूचं फाटक बघायला सगळी वस्ती लोटली. मिस्त्रीने जावयाच्या हातून पहिल्यांदा उघडवलं. बिजागरी अशी फिरली की आवाज नाही.

महिन्याभराने जिन-तेक बॅग खांद्यावर टाकून त्याच फाटकातून निघाला. लेहुन खांबाला टेकून उभी होती. त्याच्या आईने पाठ वळवून कालवं फोडायला घेतली. जाणाऱ्याकडे बघत राहू नये म्हणे.

हिवाळा गेला. बोटीचा निरोप कंपनीत यायचा, कंपनी वस्तीतल्या किराणा दुकानात फोन करायची, दुकानदार ओरडत यायचा. "लेहुन, तुझा नवरा ठीक आहे गं! जेवतोय, झोपतोय, सर्दी झाली होती, गेली!" मग एकदा निरोप आला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. कंपनीतला माणूस म्हणाला, रेडिओ बिघडला असेल. मग म्हणाला, कुठल्या तरी परक्या देशाच्या गस्तीने बोट धरून नेली असेल, असं होतं कधी कधी. होतं खरं. शेजारच्या गावातले काही खलाशी असेच तुरुंगात पडले होते आणि वर्षाने दाढ्या वाढवून परत आले होते. लेहुनने तेवढं धरून ठेवलं. जो भेटेल त्याला तीच गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यांनी मान डोलवायची, दुसरं करणार तरी काय?

तुआन विहिणीला मात्र घरात चैन पडेना. देवळं झाली, नवस झाले. कुठल्याशा देवळात अंगात येणाऱ्या बाईने तिला विचारलं, "घराला अलीकडे काय नवं केलंत?" झालं. म्हातारी बाजारातून नवी टेप घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मिस्त्रीच्या वर्कशॉपच्या दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"व्याही, चला."

"कुठे?"

"चला म्हणते ना!"

आकुईने चहा टाकला होता, तो तसाच राहिला. खाडी ओलांडून दोघं घरापाशी आली. तुआनने टेपचं एक टोक स्वतः खांबाला लावलं आणि दुसरं व्याह्याच्या हातात कोंबलं. "वाचा."

मिस्त्रीने टेप जवळ नेली, लांब नेली. डोळे बारीक केले. "विहीणबाई, चष्मा घरी राहिला."

"चष्मा कधीपासून लावता तुम्ही?"

आवाज ऐकून लेहुन बाहेर आली. बापाच्या हातातली टेप तिने घेतली, आणि बापाकडे अशी बघत राहिली की मिस्त्रीला मान खाली घालावी लागली. तिला तिथेच कळलं. मग तिने वाचलं.

"ताटातूट," ती म्हणाली. "काळ्यात."

"खालची ओळ वाच."

"धन. लाल."

तुआनने टेपचं टोक सोडून दिलं. "थडग्याचं माप दिलंत तुम्ही माझ्या पोराला. जिवंत माणूस मेलेल्यांच्या दारातून बाहेर काढलात."

"आई, फाटकामुळे कुठे बोट बुडते का?" लेहुन म्हणाली.

"बुडली? कोण म्हणालं बुडली? मी म्हणाले? थुंक! आधी थुंक!"

लेहुन थुंकली. लोखंडाने माणसं मरत नाहीत हे मिस्त्रीलाही कळत होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना लाल शब्दावर फाटकं बसवून देताना त्याने कधी म्हटलं होतं का की हे सगळं खोटं आहे? आता आपल्यावर आल्यावर कसं म्हणणार? आणि म्हटलं तरी खरं मानायला मन कुठे तयार होतं?

"दुरुस्त करतो," एवढंच म्हणाला.

दुरुस्ती ती केवढीशी! फाटकाचे पल्ले खांबांच्या मागे, अंगणाच्या बाजूला बसवलेले होते, त्यांना हात लावायची गरज नव्हती. एका खांबाला दुसऱ्या खांबाकडच्या बाजूने तळहाताच्या रुंदीचा उभा चौकोनी पाइप लावला की जागा तेवढी अरुंद होते आणि माप सरकून वरच्या ओळीत लाल शब्दावर येतं. मिस्त्रीने पाइप कापला, घासला, रंगवला. या खेपेला लेहुनने टेप वाचली, दोनदा वाचली. "धन. लाल. वरच्या ओळीत, आप्पा."

"पक्कं लावा," तुआन म्हणाली. "कायमचं."

त्याने टाइल फोडून खांबातल्या सळयांना पाइप वेल्ड केला. अर्ध्या दिवसाचं काम. एवढ्याशा कामाने जर माणूस परत येणार असता तर त्याने हजार फाटकं फुकट केली असती. संध्याकाळी घरी जाऊन तो आकुईला म्हणाला, "मला डॉक्टरकडे ने." तिने नुसत्या त्याच्या चपला पुढे सरकवल्या. एरवी बोलायची संधी सोडणारी बाई नव्हे ती.

त्यानंतर नुसती वाट बघणं. मिस्त्रीचा एक डोळा झाला, पट्टी निघाली. पुन्हा दिसायला लागल्यावर त्याने पहिली कुठली गोष्ट बघावी? जुनी टेप. वरची ओळ, खालची ओळ, बारीक बारीक अक्षरं, सगळी लख्ख. आता दिसून काय उपयोग होता? त्याने ती खाडीत फेकून दिली. वर्कशॉपात नवं चित्र काढेना. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "स्टीलवाल्याकडे जा, चांगली करतो." लोक बिचकायचे. हा माणूस स्टीलला चांगलं म्हणतोय!

उन्हाळा संपता संपता किराणा दुकानात फोन आला. दुकानदार या वेळी ओरडला नाही. चालत आला आणि फाटकापाशी चपला काढून उभा राहिला. कंपनीने शोध थांबवला होता. बोटीचं एक पिंप आणि एक तराफा सापडला होता, तराफ्यात कुणी नव्हतं. वादळ कुठल्या तारखेला झालं तेही कंपनीने सांगितलं. म्हणजे निरोप थांबला तेव्हाच. फाटकाला पाइप लागला त्याच्या कितीतरी आधी.

तुआन ओरडेल, छाती बडवेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती कालवं फोडत बसली. लेहुन मात्र म्हणाली, "तराफ्यात कुणी नव्हतं, म्हणजे कुणीतरी उचललं असणार त्यांना. रिकामा सापडला म्हणजे उचललंच." आणि स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला, नवऱ्याच्या वाट्याचाही.

समुद्रात गेलेल्या माणसाला घरी बोलवावं लागतं. तसं केलं नाही तर तो पाण्यातच भटकत राहतो. तुआनने विधी करणाऱ्या बुवाला ठरवलं, दिवस काढला, आणि मग पुन्हा मिस्त्रीच्या दारात आली. या वेळी आत येऊन बसली. आकुईने दिलेला चहा प्याली सुद्धा.

"व्याही, तो पाइप काढा."

मिस्त्रीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठला पाइप?"

"मी लावायला लावलेला. काढून टाका." तिने मांडीवरचा हात नुसता उलटासुलटा केला. "मी काल मोजलं. तो लावल्यापासून खालच्या ओळीत काळं आलंय. मरण आलंय. त्याला त्या ओळीनेच यायचंय आता. तुम्ही आधी केलं होतंत तेच माप त्याचं होतं. मीच आडवी आले."

"विहीणबाई, बुवा काय म्हणतो?"

"बुवा म्हणतो असलं काही लागत नाही. बुवाचा पोरगा गेलाय का?"

मिस्त्रीने आकुईकडे बघितलं. आकुई फडक्याने कप पुसत बसली, पुसलेलाच कप पुन्हा पुन्हा. शेवटी मिस्त्री म्हणाला, "येतो."

विधीच्या दिवशी सकाळी तो ग्राइंडर घेऊन गेला, सवयीने वेल्डिंगचं सामानही. लेहुन फाटकात उभी होती, पाठ त्या पाइपला लावून.

"आप्पा, काढायचा नाही."

"बाळ, तुझी सासू…"

"मला माहीत आहे. काढलात तर तो मेला असं होईल. तुम्ही तुमच्या हाताने त्याला मेलेला करणार आहात का? एकदा केलंत ते पुरे नाही का झालं?"

मिस्त्रीने ग्राइंडर खाली ठेवला. लेक बोलली त्यात खोटं काय होतं? त्याने आयुष्यात एकच गोष्ट लेकीला दिली होती आणि ती अशी निघाली. आतून तुआन आली. तिच्या हातात जिन-तेकचा शर्ट होता, घडी केलेला. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. कुणाचाच आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मिस्त्रीला मध्ये पडता आलं असतं.

"लेहुन," तुआन म्हणाली, "तो जिवंत असेल तर या पाइपने त्याला काय होणार आहे? परत आला तर मी स्वतः माझ्या हाताने भिंत पाडून त्याला आत घेईन. पण नसेल तर तो आज बाहेर राहील गं. पावसात, उन्हात, बाहेरच. एवढं एकदा करू दे."

लेहुनने सासूच्या हातातल्या शर्टाकडे बघितलं. मग बाजूला झाली. बाजूला झाली म्हणजे हो म्हणाली असं नाही. अंगणात जाऊन, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मिस्त्रीने पाइप कापला. ठिणग्या उडाल्या, हिरवा रंग करपून वास सुटला. कापताना तो मनात जावयाची माफी मागत होता की लेकीची, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

सगळी वाळूवर गेली, आकुईही आली होती. बुवाने पानं असलेल्या बांबूला शर्ट बांधला आणि समुद्राकडे तोंड करून घंटा वाजवत जिन-तेकचं नाव घेतलं. "ये रे, घरी चल!" तुआनही ओरडत होती. तिचा एवढा मोठा आवाज, पण लाटांपुढे किती पोचत असेल? मिस्त्रीने पण हाक मारली. लेहुन आली होती, पण तिने तोंड उघडलं नाही. जिवंत माणसाला असं बोलावत नाहीत.

मग शर्ट घेऊन सगळी परतली. तुआन पुढे चालत वाट सांगत होती. "हा पूल आहे, नीट ये. इथे वळ. हे दुकान, ओळखलंस ना? हे आपलं नवं घर. फाटक तुझ्या सासऱ्याने केलंय, बांबूचं. ये, आत ये." पाइप नसलेल्या फाटकातून शर्ट आत गेला. खांबाची फुटलेली बाजू उघडी पडली होती. शर्ट खुर्चीवर ठेवला, समोर भात आणि मासा वाढला, उदबत्ती लावली. बुवा आपलं सामान आवरून गेला.

मिस्त्री अंगणात हत्यारं गोळा करत होता. लेहुन त्याच्याजवळ आली, वाकली आणि जमिनीवर पडलेला पाइप उचलून त्याच्यापुढे धरला.

"आता परत लावा."

"लेहुन…"

"आईचं झालं ना? आता लावा. त्याला यायचंय. नीट मापाने लावा."

मिस्त्रीने घाबरून आत बघितलं. तुआन खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता काहीतरी होणार, असं वाटून आकुई सुद्धा दारातच थांबली.

"लावा, व्याही," तुआन म्हणाली. "आला तो आत. आता परत बाहेर कशाला जायचंय त्याला? लावून टाका."

एक म्हणते लाव, कारण तो आत आला. दुसरी म्हणते लाव, कारण तो यायचाय. दोघींना एकच पाइप हवा, एकाच जागी. मिस्त्री कुणाला काय समजावणार? त्याने पाइप खांबाला टेकवला, वर एक आणि खाली एक टाका मारला. मग सवयीने टेप मागितली. आता त्याला नीट दिसत होतं, पण टेप लेहुनने घेतली आणि तीच वाचायला वाकली.

"धन. लाल. वरच्या ओळीत."

"आणि खालची?" आतून तुआनने विचारलं.

लेहुनने टेप सोडून दिली, ती सर्रकन आत गेली. "खालची आपल्याला कशाला लागते, आई?"

तुआनने थाळीतला मासा खुर्चीकडे जरासा सरकवला. मिस्त्रीने वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला, खाली बसला आणि राहिलेला सांधा पुरा करायला घेतला. मुखवट्याच्या आत तो रडत होता, आणि हात नेहमीसारखा चालत होता.